जमिनीवर उतरलेलं कबुतर

हरियाल जमिनीवर पाय ठेवत नाही, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत. पाणी प्यायला उतरावंच लागलं, तर म्हणे तो पायात काटकी धरून उतरतो. मातीचा स्पर्श व्हायला नको. पक्षी पाहणाऱ्यांना हरियाल क्वचित खाली उतरलेला दिसतो आणि त्याच्या पायात काटकी नसते. तरीही ही कथा ज्यांनी रचली त्यांची नजर पक्की होती. वड, पिंपळ, उंबर पिकले की महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी शेंड्यावरच दिवस काढतो. पानांत पान होऊन बसतो, फळं खातो, आणि खाली आपण मान मोडेपर्यंत शोधत राहतो.

त्याच हरियालाच्या कुळातला एक पक्षी इथून हजारो किलोमीटर पूर्वेला, न्यू गिनीच्या सखल, दमट जंगलात, उजाडल्यापासून मावळेपर्यंत जमिनीवर चालत असतो. पंख आहेत, उडता येतं, रात्री झोपायला तो झाडावरही जातो. पण त्याचं जगणं पायांवर आहे. आज जिवंत असलेल्या कबुतरांत तो सर्वांत मोठा. आपल्या खिडकीतला पारवा जेमतेम तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा. हा दोन किलोच्या पुढे, कधी तर साडेतीन किलोपर्यंत भरतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन-चतुर्थांश मीटर. गावठी कोंबड्यापेक्षा मोठा देह, आणि कुळ कबुतराचं.

त्याचं इंग्रजी नाव व्हिक्टोरिया क्राउन्ड पिजन. १८४४ मध्ये लुई फ्रेझर या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर असलेल्या राणीचं नाव त्याला देऊन टाकलं. तिथल्या लोकांकडे त्याला आपापली नावं आधीपासून होतीच. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन बोलीत तो गुरिया, आणि बेटाच्या इंडोनेशियाकडच्या अर्ध्या भागात मांब्रुक. अशा मुकुटधारी कबुतरांच्या आज चार जाती मानतात. बेटाच्या मधोमध साडेचार हजार मीटरहून उंच जाणारी पर्वतरांग आहे. तिच्या पायथ्याशी, सखल भागांत, कुणी पश्चिमेला, कुणी दक्षिणेला अशा त्या वाटल्या गेल्या. उत्तरेकडचा प्रदेश व्हिक्टोरियाचा.

मी हा पक्षी पाहिला तो सिंगापूरच्या पक्षी उद्यानात. उंच जाळीच्या छताखाली तिथे झाडोरा वाढवला आहे आणि माणसं पायवाटेने त्यातून फिरतात. समोरून दोन मुकुटधारी कबुतरं चालत आली आणि वाट सोडायची वेळ माझ्यावर आली. सगळं अंग निळसर राखाडी, छातीवर मात्र पिकलेल्या रातांब्याचा रंग. पंखावर फिकट करडा पट्टा आणि त्याला त्याच रातांब्याची किनार. डोळ्यांभोवती काळा पट्टा, आणि त्या काळ्यात लालभडक डोळा. या लालपणाला सवय होईपर्यंत दुसरं काही दिसत नाही. मग दिसतो तो मुकुट.

हा मुकुट काकाकुव्याच्या तुऱ्यासारखा मिटत नाही. तो कायम उभा. कपाळापासून मागपर्यंत अर्धवर्तुळात पसरलेली निळसर पिसं, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरा ठिपका. पक्ष्याच्या साध्या पिसात बारीक दशा एकमेकींत आकड्यांनी अडकलेल्या असतात. म्हणून पीस सलग दिसतं, वारा अडवतं, पाणी झटकतं. मुकुटाच्या पिसांत त्या दशा सुट्या आहेत. त्यामुळे पिसाची आरपार जाळी होते आणि मागची पानं तिच्यातून दिसत राहतात. उडायला या पिसांचा काही उपयोग नाही, ऊब द्यायलाही नाही. नर आणि मादी, दोघांच्याही डोक्यावर तो सारखाच. मोराच्या बाबतीत सगळी श्रीमंती नराच्या वाट्याला आली. इथे ती दोघांत सारखी वाटली गेली आहे. मला हे फार आवडतं. नर कोण आणि मादी कोण, हे नुसतं पाहून सांगणं कठीण आहे.

त्या दिवशी मी जास्त वेळ पाहत राहिले ते मात्र त्यांचं चालणं. कबुतर चालताना मान पुढेमागे डोलवतं, असं आपण समजतो. पारवा लहान असतो, त्याची पावलं घाईची, म्हणून नेमकं काय घडतं ते डोळ्यांत राहत नाही. या थोरल्या भावाची चाल संथ आहे. त्याच्यात ते उलगडून दिसतं. मान मागे जातच नाही. डोकं झटकन पुढे जातं आणि हवेत एका जागी रोखलं जातं. मग धड मागून चालत येऊन डोक्याला गाठतं. ते पोचलं की डोकं पुन्हा पुढे. डोकं रोखलेलं असतं तेवढा क्षण भोवतालचं जगही स्थिर असतं, आणि त्या क्षणात पालापाचोळ्यातलं फळ, बी, सरपटणारा किडा टिपता येतो. १९७८ मध्ये कॅनडातल्या एका संशोधकाने कबुतराला फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं होतं. पट्टा मागे सरकत होता, कबुतर पावलं टाकत होतं, पण भोवतालचं दृश्य जागचं हलत नव्हतं. कबुतराची मान डोलायची थांबली. म्हणजे ते डोलणं पायांसाठी नव्हतंच, डोळ्यांसाठी होतं. लहानपणापासून कौलांवर, गॅलरीच्या कठड्यावर पाहिलेल्या त्या हालचालीत पाहण्याची एवढी शिस्त आहे, हे कळल्यापासून मला पारव्याचा कंटाळा येत नाही.

मुंबईत राहणाऱ्याला कबुतर म्हटलं की खिडकीच्या जाळ्या, एसीच्या खोक्यावरची घाण, छातीचे विकार आणि २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून झालेला वाद एवढंच आठवतं. तक्रारी खऱ्या आहेत. पण साडेतीनशेच्या आसपास जाती असलेल्या एका कुळाला आपण एकाच चेहऱ्याने ओळखतो, हेही तितकंच खरं.

तर हे कबुतर जमिनीवर का उतरलं? उत्तर न्यू गिनीच्या जंगलातच आहे, आणि ते तिथे काय नाही यात आहे. त्या बेटावर माकडं नव्हती. खारी नव्हत्या, हरणं नव्हती. बिबट्या, कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांपैकी कुणीही समुद्र ओलांडून तिथे पोचलं नाही. आपल्या रानात पाचोळा उकरत फिरणारे मोर आणि रानकोंबडेही तिथे नाहीत. वर फळकबुतरं, धनेश, वटवाघळं फळं खातात, खाताना अर्धी खाली सांडतात. आणि जंगलाच्या तळाशी हे सगळं उष्टं अन्न पडून राहतं. एवढी मोठी पंगत मांडलेली आणि पानावर बसायला फारसं कुणी नाही. तिथे कबुतरं उतरली. न्यू गिनीत जमिनीवर वावरणारी कबुतरं कितीतरी आहेत, लहान होल्यांपासून कोंबडीएवढ्यांपर्यंत. त्या सगळ्यांत मोठं झालं ते हे.

सह्याद्रीच्या रानातही एक होला जमिनीवर फिरतो, पाचूसारख्या हिरव्या पंखांचा. झऱ्याकाठच्या सावलीत तो बिया टिपत असतो. पण आपलं पाऊल वाजायचा अवकाश, तो जमिनीलगत, झाडांच्या खोडांमधून, अशा वेगाने निघून जातो की हिरवं काहीतरी गेलं एवढंच कळतं. मुंगसाच्या आणि रानमांजराच्या शेजारी राहणाऱ्याला तसंच वागावं लागतं. मुकुटधारी कबुतराला ही घाई शिकायची वेळ आली नाही. त्याला अजगर ठाऊक आहेत, वरून झडप घालणारे मोठे शिकारी पक्षी ठाऊक आहेत. चाहूल लागली की ते पंखांचा मोठा फडफडाट करून उठतं आणि जवळच्याच एखाद्या फांदीवर जाऊन बसतं. तिथून मान वाकवून, शेपटी हलवत, खाली काय आलं आहे ते पाहत राहतं.

हे पाहत राहणं त्याच्या जिवावर उठलं आहे.

न्यू गिनीत माणूस चाळीस हजार वर्षांहून अधिक काळ राहतो आहे. धनुष्यबाणाने या पक्ष्याची शिकार होत आली, त्याचं मांस खाल्लं जात आलं, त्याच्या मुकुटाची पिसं नाचाच्या शिरोभूषणात खोवली गेली, आणि तरी पक्षी टिकला. त्यामुळे जंगलात राहणाऱ्या माणसाला दोषी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. तोल बिघडला तो पुढे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसं खोवायची लाट आली. स्वर्गीय पक्ष्यांच्या कातड्यांबरोबर या कबुतराचे मुकुटही गठ्ठ्यांनी लंडनच्या लिलावात जाऊ लागले. त्या टोप्यांविरुद्ध इंग्लंडमध्ये आधी बायकांनीच आवाज उठवला. १८८९ मध्ये त्यांनी काढलेल्या संघटनेतून तिथली पक्षीरक्षणाची सर्वांत मोठी संस्था उभी राहिली, आणि १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा केला. टोप्यांची लाट ओसरली. मग बंदूक आली, आणि लाकडासाठी जंगलात रस्ते गेले. फांदीवर बसून खाली पाहणारं दोन-तीन किलोचं कबुतर म्हणजे बंदूकवाल्यासाठी न हलणारं लक्ष्य. जिथे रस्ता पोचला आणि बंदूक पोचली, तिथून हा पक्षी आधी जातो. जिथे जंगल उतरवून तेलमाडाची लागवड झाली, तिथे तर उतरायला जमीनच उरत नाही. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपला आहे, ही गोष्ट इथे लिहायला हवी. हे तेल नेमकं कुठल्या जंगलाच्या जागेवरून आलं, ते पिशवीवर छापलेलं नसतं.

या नुकसानाची भरपाई लवकर होत नाही, कारण या पक्ष्याचा संसार फार सावकाश चालतो. विणीच्या काळात नर मादीपुढे मान खाली घालतो, शेपटी उघडतो, आणि छातीतून एक खोल, घुमणारा आवाज काढतो. तो कानाआधी अंगाला जाणवतो. झाडावर, जमिनीपासून चांगल्या उंचीवर, काटक्यापानांचं घरटं होतं. त्यात अंडं घातलं जातं ते एकच. नर-मादी आळीपाळीने जवळपास महिनाभर ते उबवतात. पिल्लू बाहेर आलं की दोघंही त्याला दूध पाजतात.

दूध हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते आहे. कबुतरांच्या गळ्यात अन्न साठवायची पिशवी असते. पिल्लू बाहेर यायच्या सुमारास तिचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी स्निग्धांशाने आणि प्रथिनांनी भरतात आणि सुटून येतात. पिवळट, घट्ट असा हा पदार्थ पिल्लू आईबापांच्या चोचीत चोच घालून घेतं. त्यात गाईच्या दुधातली साखर नाही, पण पोषण भरपूर आहे. रोहित आणि एम्परर पेंग्विन सोडले तर पक्ष्यांत असं दूध आणखी कुणाला येत नाही. आणि हे दूध ज्या संप्रेरकामुळे येतं ते प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारंच. ऑस्कर रिडल या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात कबुतरांवर काम करतानाच त्याला हे नाव दिलं. आपल्या भाषेत पान्हा आईलाच फुटतो. कबुतरांच्या घरात तो बापालाही फुटतो, तितकाच, त्याच दिवसांत. मला या कुळाबद्दल वाटणाऱ्या आदराचं खरं कारण हे आहे; मुकुट नंतर येतो.

एका वेळी एक पिल्लू. घरटं सोडल्यावरही ते बरेच आठवडे आईबापांच्या मागे फिरत शिकतं. शत्रू थोडे असलेल्या जंगलात हा हिशेब बरोबर होता. एका दुपारच्या शिकारीत कळपातले चार पक्षी गेले, तर तो हिशेब पुरा व्हायला वर्षं लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आज हा पक्षी संकटाच्या उंबरठ्यावरच्या वर्गात आहे. अजून वेळ गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

न्यू गिनीच्या आग्नेयेला फर्ग्युसन नावाचं डोंगराळ बेट आहे. तिथे जमिनीवर राहणारं आणखी एक मोठं कबुतर होतं, चालीने आणि शेपटीने तित्तिर-कोंबड्यांच्या वळणाचं. १८८२ नंतर कुणा शास्त्रज्ञाने ते पाहिल्याची खात्रीची नोंद नव्हती. संपलं असावं, असं बऱ्याच जणांना वाटू लागलं होतं. २०२२ मध्ये पापुआ न्यू गिनीचे आणि अमेरिकेचे अभ्यासक ते शोधायला गेले. गावोगाव विचारत राहिले. ऑगस्टिन ग्रेगरी नावाच्या एका स्थानिक शिकाऱ्याने सांगितलं, की उंच डोंगरकड्यांच्या बाजूला हा पक्षी आपण पाहिला आहे, त्याची हाक ऐकली आहे. गावात त्याला आउवो म्हणत. त्याने दाखवलेल्या भागात झाडाला कॅमेरे बांधले गेले, आणि मोहीम संपत आली असताना एका कॅमेऱ्यात तो सापडला. पाचोळ्यावरून चालत जाणारा, शेपटी वरखाली हलवणारा, १४० वर्षं हरवलेला मानला गेलेला पक्षी. ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पक्षी इतक्या सहज चालतो, की हरवलं कोण होतं असा प्रश्न पडतो. पापुआ न्यू गिनीतली बहुतेक सगळी जमीन आजही परंपरेने तिथल्या कुळांच्या मालकीची आहे. तिथली कबुतरं वाचायची असतील तर ती शिकारी म्हणवणाऱ्या याच माणसांच्या माहितीवर आणि मर्जीवर वाचतील.

आणि जमिनीवर उतरून संपलेलं कबुतर तर साऱ्या जगाला माहीत आहे. डोडो हा कबुतरच होता. मॉरिशसवर त्याला एकही शत्रू नव्हता, म्हणून तो जड झाला आणि उडणंच विसरला. १५९८ मध्ये डच जहाजं तिथे लागली. पुढच्या काळात माणसांनी त्याला मारलं ते मारलंच, पण जहाजांतून आलेल्या डुकरांनी, माकडांनी, उंदरांनी जमिनीवरची त्याची अंडी खाल्ली. तो पाहिल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ मधली आहे. त्याआधी पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या हातचं मानलं जाणारं डोडोचं एक रंगचित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. जिवंत डोडो समोर ठेवून काढलेली चित्रं फार थोडी; त्यातलं हे एक आपल्याकडचं. पुढे एकोणिसाव्या शतकात कोकणातली मराठी माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला मॉरिशसला गेली, तेव्हा डोडो नाहीसा होऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली होती. आज त्यांची नातवंडं-पतवंडं ज्या देशाचे नागरिक आहेत, त्याच्या राजचिन्हावर डोडो आहे. राजचिन्हावर जागा मिळाली ती जमिनीवरची जागा गेल्यानंतर.

ऑक्सफर्डच्या संग्रहालयात डोडोचे काही अवशेष आहेत. त्यातल्या डीएनएचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोडोचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक त्यात ठरला निकोबारी कबुतर. मुकुटधारी कबुतरंही याच गोतावळ्यातली. निकोबारी कबुतर त्यांच्याहून पुष्कळ लहान, पण राहणी तीच. अंगावर हिरवी-तांबूस झळाळी, मानेवर लोंबणारी लांब पिसं, शेपटी आखूड आणि पांढरीशुभ्र. कठीण कवचाच्या बिया त्याच्या पोटातल्या स्नायूंच्या जात्यात भरडल्या जातात. ते छोट्या बेटांवरून बेटांवर उडत जातं, पण अन्न शोधतं ते जंगलाच्या जमिनीवर, पाचोळ्यात. अंडं तेही एकच घालतं.

हा पक्षी आपल्या देशात आहे. अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाला, २००४ च्या त्सुनामीने किनारा गिळलेल्या ग्रेट निकोबारवर तो आहे. त्याच बेटावर गॅलाथिया उपसागरात मोठं बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि शहर उभारायला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, आणि त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती करायचं ठरलं. त्यावर वाद चालू आहेत, सुनावण्या होत आहेत, बातम्या येत आहेत. त्या बातम्या बंदरापाशी आणि रुपयांच्या आकड्यांपाशी संपवू नका. शेवटपर्यंत वाचा, त्यात जंगलाबद्दल काय म्हटलं आहे ते पाहा, आणि काहीच म्हटलं नसेल तर विचारा. विचारण्याचा हक्क इथल्या प्रत्येक नागरिकाला आहे.